वाघाला घातलेलं पाणी

प्रिय को चॉ,

हे पाकीट हातात देताना चैत्यावरच्या फुलवालीने सांगितलंच असेल की आपल्या गावची, मौलमीनची एक बाई देऊन गेली. ती मीच, थूझा. घाबरू नकोस. मी तुला न्यायला आलेले नाही. हे पत्र वाचून तू नदीत टाकलंस तरी तू इथे आहेस हे माझ्या तोंडून कुणालाही कळणार नाही. आमच्या कामात फो न्यो मामाने एकच नियम घालून दिला आहे: हरवलेली वस्तू मालकाला नेऊन द्यायची, हरवलेल्या माणसाला मात्र आधी विचारायचं. म्हणून हे पत्र. निदान मी स्वतःला तसं सांगते आहे. ते कितपत खरं आहे ते लिहिता लिहिता कळेल.

आमचं काम म्हणजे काय, ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू सरहद्द ओलांडून गेलास त्यानंतर मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, दोन-तीन शाळांत शिकवलं आणि कुठेच टिकले नाही. मामा तेव्हा पोस्टातून नुकताच निवृत्त झाला होता. अर्धवट पत्त्यांची पत्रं पोचवण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे लोक त्याच्याकडे हरवलेलं काहीबाही विचारायला येत. हळूहळू मीही त्याच्याबरोबर बसू लागले, धक्क्याजवळच्या चहाच्या दुकानात, मागच्या टेबलाशी. एका बाईचं कर्णफूल सकाळी भिक्षूंना भात वाढताना त्यांच्या पात्रात पडलं होतं. आता दान दिलेलं परत कसं मागायचं? मामाने तिला विहारासाठी छताचा पंखा द्यायला लावला, आणि भंतेंनी ते कर्णफूल तिला आशीर्वाद म्हणून दिलं. एक नवरा भांडण करून नाहीसा झाला, तो आम्हांला मुंडन करून विहारात बसलेला सापडला. बायको तावातावाने आली खरी, पण चीवर घातलेल्याला शिव्या कशा देणार? बिचारीने तीनदा जमिनीला डोकं टेकवलं आणि म्हणाली, “भंते, चीवर उतरवाल त्या दिवशी घरी या. मग बघते तुमच्याकडे.” तो अजून भिक्षूच आहे.

माणसं शोधायची मामाची रीत साधी आहे. “माणूस नाव बदलेल, मिशी काढेल, बायको बदलेल. जन्मवार कुठून बदलणार?” असं म्हणून तो मला चैत्यावर पाठवतो. परगावी लपलेला माणूससुद्धा कधी ना कधी चैत्याच्या आपल्या जन्मवाराच्या कोपऱ्यात येतो आणि तिथल्या मूर्तीला, आपल्या वाराच्या प्राण्याला पाणी घालतो. आपण नुसतं तिथे उभं राहायचं. अशी मी कितीतरी माणसं शोधली. तुला शोधायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणहून शोधायचा हक्क मला आहे की नाही, हे मला कधी ठरवता आलं नाही.

या पावसाळ्याच्या सुरुवातीला तुझी आई दुकानात आली. एवढ्या वर्षांत आम्ही बाजारात समोरासमोर आलो की दोघीही भाजीकडे बघायचो. त्या दिवशी ती सरळ टेबलाशी येऊन उभी राहिली. “ओळखलंस?” म्हणाली. मी म्हटलं, ओळखलं. “मग बस म्हण की.” ती बसली आणि म्हणाली, “लोक म्हणतात, तू हरवलेलं शोधतेस. माझा मुलगा हरवलाय.” मामाने चहा बशीत ओतत विचारलं, “हरवलाय की हाकललाय, दॉ म्या चिन?” ती वळून म्हणाली, “तुमचे दात कुठे गेले ते आधी शोधा, फो न्यो. मग मला विचारा.” मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. तुझी आई हसली नाही. तिने माझ्याकडे तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्याच्याही पलीकडे होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याचं डॉक्टर फार दिवसांचं सांगत नाहीत. “मला त्याचं तोंड बघायचंय, पोरी. दिसतंय तोवर. नंतर हात फिरवून कळेल, पण हातांना म्हातारपण कळत नाही गं. तो मला तरुणच लागेल.”

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मी रोजनिशीत बऱ्याच वेळा लिहून खोडलं आहे. तिची दया आली म्हणून, असं लिहिलं तर अर्धंच खरं. तिने विचारलं नसतं तर मला तुला शोधायला निमित्त मिळालं नसतं, हे उरलेलं अर्धं. तुमच्या गल्लीतला एकजण मे सोतच्या शिवणकामाच्या कारखान्यात होता, त्याला तू दिसल्यासारखा वाटला होतास, एवढाच धागा. सरहद्दीवरचा म्यावडीचा पूल ओलांडून मी इथे आले, शेवयांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि आपल्या लोकांनी बांधलेल्या या चैत्यावर, तू सोमवारचा म्हणून सोमवारच्या कोपऱ्यात, वाघापाशी जाऊन बसू लागले.

वाघाकडे पुष्कळ पुरुष येतात. कामावरून येतात, केसांत सुताचे धागे अडकलेले असतात. एकजण तर हुबेहूब तुझ्यासारखी मान तिरकी ठेवून पाणी घालत होता. मी उठलेच. जवळ जाऊन बघते, तर तो तुझ्या निम्म्या वयाचा. माझंच मला हसू आलं: एवढे दिवस मी कॉलेजातल्या तुला शोधत होते. त्यानंतर मी टक्कल पडलेल्यांकडे, पोट सुटलेल्यांकडेही नीट बघू लागले. तू आला नाहीस. मामाची रीत पहिल्यांदाच फसली, असं मी मनाशी मान्य केलं आणि परतीच्या गाडीची चौकशी केली.

निघण्याआधी आपल्या वाराला पाणी घालावं म्हणून मी शुक्रवारच्या कोपऱ्यात गेले. तिथे एक माणूस उकिडवा बसून आमच्या गिनीपिगला पाणी घालत होता. शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. ती म्हणत होती, “बाबा, आता मी.” तो म्हणाला, “थांब की, कानामागे राहिलंय.” मग त्याने मूर्तीचं तोंड पुसलं, आधी उलट्या हाताने, मग सुलट्या. पावसानंतर माझ्या सायकलची सीट तू अशीच पुसायचास. मी खांबाआड झाले. माझ्या कामात मला असं लपावं लागलेलं नाही कधी.

तुम्ही गेल्यावर मी फुलवालीला विचारलं. “तो होय? दर शुक्रवारी येतो. मी एकदा म्हटलं, शुक्रवारचा का रे तू? तर म्हणाला, नाही. मग कुणाच्या नावाने पाणी घालतोस? तर हसला नि फुलं घेऊन गेला. तुम्ही पोलिसातल्या का हो?” पुढचा प्रश्न अगदी सोपा होता: ती मुलगी कुठल्या वाराची? परक्या माणसांना याहून आडनिडे प्रश्न मी रोज विचारते. हा मात्र विचारला नाही. ती शुक्रवारची असेल, तर तू तिच्यासाठी येतोस, आणि तेच योग्य आहे. ती शुक्रवारची नसेल तर काय, हे मला इथे, या खोलीत एकटीने जाणून घ्यायचं नव्हतं. तुझे केस पिकले आहेत. तुला शोभतात.

आता राहिलं ते सांगते, कारण ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. मी मौलमीनहून निघाले त्या दिवशी तुझी आई मला सोडायला गाडीतळावर आली, आणि गाडी सुटता सुटता खिडकीचा गज धरून म्हणाली, “तो सोमवारच्याच कोपऱ्यात येईल, कारण मी त्याला तेच सांगत आले. पण तो पहाटेचा आहे, थूझा. सुईण म्हणाली, सूर्य उगवला नाही, अजून सोमवारच. विहारातले भंते म्हणाले, मध्यरात्र उलटली, मंगळवार लागला. त्याचे आजोबा सोमवारचे, म्हणून मी सोमवार धरला, त्याच वाराच्या अक्षरावर नाव ठेवलं. मग तुमच्या लग्नाचं निघालं. सोमवारचा मुलगा, शुक्रवारची मुलगी, दोघांचं आयुष्य आखूड होईल, असं सगळ्यांना मीच सांगत सुटले. भंतेंचं म्हणणं तेव्हा मला आठवत होतं. पण मला तू नको होतीस. वार आयता हाताशी होता.” शुक्रवार आणि मंगळवार एकमेकांचे मित्र, हे तिने बोलून दाखवलं नाही, ते आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मी तिच्यावर रागवायला हवं होतं. मी फक्त तिचा हात गजावरून सोडवला, गाडी हलली होती म्हणून. हे तुला तिनेच सांगावं असं मला वाटत होतं, पण ती म्हणाली, “तूच सांग. ऐकून आला, तर खरा आला.” भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या दिव्यांच्या पौर्णिमेला, सगळी मुलं आईबापांच्या पाया पडायला जातात तेव्हा, ती आपल्या टेकडीवरच्या चैत्यावर मंगळवारच्या कोपऱ्यात, सिंहापाशी बसून राहणार आहे. ये. मुलीला आण, तिच्या आईलाही आण. म्हातारीला सगळ्यांची तोंडं बघू दे. मी तिला काही कळवणार नाही, तू येईपर्यंत ती नुसती वाट बघेल. माझं म्हणशील तर, मी दर आठवड्याला माझ्या मूर्तीला पाणी घालते आणि प्रदक्षिणेच्या वाटेने पुढे जाऊन वाघालाही घालते. तू गेलास तेव्हापासून. ते तुला पोचत होतं की नाही, आता कोण सांगणार! यापुढे वाघाला ओलांडून पुढच्या कोपऱ्यातल्या सिंहापर्यंत जाईन.

तुझीच,
शुक्रवारची थूझा