काळ्या फ्रेमेतला मुकादम

सोमवार, १४ तारीख, दुपार
दुकानातून

प्रिय आक्का,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही एका ओळीचं: 'मुकादमाला कुठे पुरलंस ते कळव.'

कुठेच नाही. तुझा कुत्रा जिवंत आहे. आत्ता टेबलाखाली बसून माझी चप्पल कुरतडतोय आणि मी कुरतडू देतोय. आधी पाणी पी, मग पुढचं वाच.

मुकादम गेला असं शिंपीणबाईंनी तुला कळवलं, त्यात त्यांची चूक नाही. मागच्या महिन्यात मुकादमाला मोटारसायकलची धडक बसली. दुकानाचं दार उघडं राहिलं होतं. मागच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून आत पट्टी बसवली तर चालेल, नाहीतर पाय काढावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी तिथल्या बाकावरच बसलो. तुला कळवायला दोनदा पत्र लिहिलं, दोन्ही वेळा फाडलं.

शेवटी त्याचा फोटो मोठा करून घेतला. वर लिहिलं 'आपला लाडका मुकादम', खाली 'ऑपरेशनसाठी मदत हवी आहे'. दुकानात एक काळी फ्रेम पडून होती, तीच वापरली. आतला पांढरा पुठ्ठा कापताना माप चुकलं आणि खालची ओळ त्याच्याखाली गेली. बावीस वर्षं फ्रेमा करतोय मी. हसू नकोस. लक्षात न येता ती तशीच दुकानाच्या दर्शनी काचेत लावली आणि कामाला बसलो.

पहिला बेकरीवाला आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, खर्चाचं कळलं असेल. मग घड्याळवाले काका. मुकादम रोज त्यांच्या दारात कसा येऊन बसायचा ते सांगत राहिले, मी हो ना, हो ना करत राहिलो. मग निवृत्त मुख्याध्यापिकाबाई फुलं घेऊन आल्या. शेवटी फार त्रास झाला का, असं त्यांनी विचारलं आणि आतल्या खोलीतून मुकादम भुंकला. बेकरीवाल्याचा वास लागला असणार.

बाईंच्या हातून फुलंच पडली. मग आम्ही चौघं पोट धरधरून हसलो. बाईंनी डोळे पुसले, पर्स उघडली.

"रडायला आले होते रे मी. तो जगतोय म्हटल्यावर आता हात आखडता घेऊ का?"

बातमी बाजारभर झाली. लोक मुद्दाम फोटो बघायला यायला लागले, म्हणून मीही लबाडी केली, चार दिवस तो काढलाच नाही. शिंपीणबाईंनी तेवढ्यात बाहेरूनच पाहिला. बेकरीवाल्यानं एका दिवसाचा गल्ला आणून दिला. आणि गंमत म्हणजे, सहा-सहा वर्षं इथं धूळ खात पडलेल्या फ्रेमा लोक आपणहून पैसे देऊन सोडवून घेऊन गेले. दुकानाच्या भिंतीचा रंग कोणता, ते मला आता कळलं.

ऑपरेशन छान झालं. काल तो बेकरीपर्यंत चालत गेला. लंगडतो, पण रुबाब तोच. मला भररस्त्यात रडू आलं. कोणी बघेल याची लाजसुद्धा वाटली नाही.

आता, फाडलेल्या पत्रांत होतं ते. दार उघडं राहिलं असं मी सगळ्यांना सांगितलं. राहिलं नव्हतं, मी उघडलं. समोरून एक बाई चालली होती, उजवा खांदा जरा खाली, भरभर, अगदी तुझ्यासारखी. हातातली काच टाकून मी आक्का, आक्का ओरडत धावलो. मुकादम माझ्या मागून धावला. ती बाई भलतीच होती. मी वळलो तेव्हा हा रस्त्यात पडला होता.

नोकरीसाठी निघालीस तेव्हा तुला म्हणालो होतो, तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही. ते खोटं होतं. मला माफ कर.

गुरुवारी टाके काढायचे आहेत. त्याचं डोकं धरायला एक माणूस लागतो. तसं मीही धरीन. तरी तू ये.

तुझ्या पाठमोऱ्या चालीमागे धावलेला,
तुझा धाकटा