आमची वालरस अखेर लढली

युद्धनौका वालरस,
झाउडरझे आखाताच्या पाण्यावर (खरं तर बर्फावर)

परमपूज्य गीर्टे मावशींना,

वीबेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कोंबड्या या थंडीत अंडी घालतात की नुसत्याच खातात? हेरिंग मासे साफ करताना काका अजून स्वतःची बोटंच कापून घेतात का? माझी प्रकृती उत्तम आहे. भट्टीत भुवया तेवढ्या जळाल्या. (परत येतील, असं आमचे जहाजावरचे डॉक्टर म्हणतात, पण त्यांच्या डोक्यावर एकही केस नाही, म्हणून धाकधूक वाटते.)

मावशी, काय सांगू आणि किती सांगू! आमची वालरस लढली! सगळ्या हॉलंडनं जिला भंगार म्हटलं, ती परवा अशी लढली की मी कोळशाचं फावडं हातात घेऊन नाचलो!

पण सगळं मुळापासून सांगायला हवं. गोदीत मी हिचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, ठोकायला लागलो तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "लोखंड पाण्यात टाकलं की बुडतं, हे माझ्या मांजरालाही कळतं." वर्षभर लालभडक रिव्हेट ठोकले, दोन्ही कान बधिर झाले. (डावा अजून बधिरच आहे. बायको त्याच बाजूला बसते, त्यामुळे तक्रार नाही.) पोलादी पत्रे इतके जाड की एक पत्रा चढवायला आमची अख्खी टोळी लागायची. मग जलावतरणाचा दिवस उजाडला. बँड वाजला, एका बड्या साहेबांच्या पत्नीनं बाटली फोडली, आणि वालरस हललीच नाही! साहेबांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. आम्ही घसरणीला साबण, चरबी, शेवटी स्वयंपाक्याचं लोणीसुद्धा फासलं. अखेर पाहुणे जेवायला गेले आणि ही कोणालाही न विचारता सुटली, ती थेट समोरच्या काठावरच्या हेरिंगच्या गोदामात! लोक म्हणाले, शत्रूचं माहीत नाही, पण मासे हिनं नक्की मारले.

त्याच दिवशी मी ठरवलं, हिला एकटीला सोडायचं नाही, आणि कोळसेवाला म्हणून जहाजावर भरती झालो.

नोकरीची कथा तर विचारूच नका. तोफांचा फिरता बुरूज फिरवायला जावं तर तो थांबायचं नाव घेईना. आतल्या तोफा चालवणाऱ्यांना उलट्या. एवढ्या लोखंडात होकायंत्राची सुई बिचारी चकरा मारायची. लाटा सरळ डेकवर यायच्या, त्यामुळे खवळलेल्या समुद्रात आम्हाला कोणी पाठवेना. मग काय, वर्षानुवर्षं बंदरात दोरखंड बांधून उभी! दुसऱ्या जहाजांवरचे खलाशी जाता जाता ओरडायचे, "काय रे, मुळं फुटली का?" माझा जोडीदार येले त्यांना बटाटे फेकून मारायचा. (आमच्या नौकेचा तेवढाच काय तो तोफखाना.) आणि या डिसेंबरात हुकूम आला, की वसंतात वालरस मोडीत काढायची. कप्तान ओस्टरबान यांनी तो वाचला, घडी घातली, आणि म्हणाले, "आज सूपात मीठ कमी आहे." पण त्यांचे डोळे मी पाहिले होते.

आणि मग हा गारठा आला! सगळा झाउडरझे गोठला. मार्केन बेटाच्या घरांवर बर्फाचे डोंगर चढायला लागले. भिंती फुटल्या, लोक चर्चच्या माळ्यावर जाऊन बसले. मदतीला निघालेल्या लाकडी होड्या बर्फानं अक्रोडासारख्या फोडल्या. ते ऐकून कप्तानांनी आम्हाला डेकवर बोलावलं.

"ही नौका बर्फासाठी बांधलेली नाही," ते म्हणाले.

येले म्हणाला, "साहेब, ही कशासाठी बांधली ते अजून कोणालाच कळलेलं नाही. बर्फ तरी करून बघू."

मावशी, काय ती शर्थ! मागे जायचं, वाफ भरायची, धडक द्यायची! दर धडकेला आम्ही खाली भट्टीपाशी आडवे व्हायचो. एकदा पाणी आत आलं, तेव्हा मीच ठोकलेला एक रिव्हेट सुटल्याचं दिसलं. तिथे येलेनं आपली लोकरीची पँट कोंबली आणि तसाच कोळसा ओढत राहिला. बेट दिसलं तेव्हा माळ्याच्या खिडकीतून बायका चादरी हलवत होत्या. आम्ही सगळ्यांना आणलं. म्हातारे, पोरं, शेळ्या, पाद्री आणि त्याची हार्मोनियम! एकही माणूस मागे राहिला नाही. कप्तान कोपऱ्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होते.

आता सगळे सुखरूप आहेत, जहाज अगदी स्थिर आहे. काकांना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुमचा,
वीबे

ता. क. जहाज स्थिर आहे कारण ते रुतलं आहे. येताना दाट धुकं पडलं. कप्तानांनी विचारलं, "हा किनारा कोणाला माहीत आहे?" मी म्हणालो, "मला! डावीकडे घ्या." धुकं विरलं की खिडकी सावकाश उघडा. तोफ तुमच्या न्हाणीघराकडे रोखलेली आहे, पण भरलेली नाही.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. बेटावरची नील्चे नावाची कोळीण बुरुजात बाळंतपणाच्या कळा देत आहे. डॉक्टरांनी आजवर फक्त खलाशांचे दात काढले आहेत. तुम्ही अर्ध्या गावाची बाळंतपणं केली आहेत, तेव्हा हे वाचताच पिशवी घेऊन निघा. गावचा दूधवाला बर्फावरून चिठ्ठी तुमच्याकडे पोचवायला स्केट्स बांधून उभा आहे आणि मला केव्हाचा शिव्या घालतो आहे.

ता. क. ३. घाई नको. मुलगी झाली. दोघी खुशाल, डॉक्टरांना आत्ताच शुद्धीवर आणलं. नाव वालरस ठेवू नये म्हणून मी आणि येले नील्चेच्या पाया पडतो आहोत, पण ती ऐकत नाही. तुम्ही येऊन समजवा.