मंजूचं म्हणणं

कुडवा, गोंदिया
८ जुलै २०२४

चि. सौ. दुर्गेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मंजूच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायच्या बैठकीत तू मुख्याध्यापकांवर इतकी तुटून पडलीस की ते अजून धसका घेऊन आहेत. त्यांनी न बोलणाऱ्या पोरीला नागपूरच्या वसतिगृहात धाडा म्हणायचं, तू ती तिरोड्यातच शिकेल म्हणायचं, असं किती दिवस चालणार? तलावाच्या पाण्यावरून तंटा झाला की, ज्याची जमीन त्या तलावाच्या पाण्यावर भिजत नाही असा माणूस आपण मध्ये बसवतो. तशा मी सुशिलाबाई शोधल्या. निवृत्त शिक्षिका, ना शाळेच्या ना आपल्या. जो बोलेल त्याचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवतात आणि हेच ना, असं विचारतात. मुख्याध्यापकही राजी आहेत. तू तेवढी जीभ आवर.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
भुपेंद्रदादा

तिरोडा
१६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण मंजू जवळच असते. बोलत नसली तरी तिला सगळं ऐकू येतं, आणि हे तिच्यासमोर सांगायची मला भीती वाटते.

बैठक छान सुरू झाली. बाईंनी मुख्याध्यापकांचं म्हणणं परत म्हणून दाखवलं, मग माझं. मी म्हणाले होते की मंजूच्या मनातलं मलाच कळतं, म्हणून तिच्या वतीनं मीच बोलते. मग बाई मंजूसमोर बसल्या. मंजू ओठ मिटून होती. बाई बराच वेळ मान हलवत राहिल्या, कुणी काही सांगत असल्यासारख्या, आणि तिचंही म्हणणं त्यांनी म्हणून दाखवलं.

दादा, तो बाईंचा आवाज नव्हता. लहान पोरीचा होता. आजवर कधी ऐकला नव्हता तरी मी तो ओळखला. मले इथंच शिकाचं आहे, पण माय काऊन माह्या वाटचं बोलून राहिली, ती चूप राहील तर मी बोलीन, असं तो म्हणाला. त्यानंतरचं हेच ना मात्र बाईंनी नुसतं ओठांनी विचारलं, आवाज फुटला नाही. मंजूनं मान डोलावली.

मुख्याध्यापकांचा चहा लवंडला. दिवाळीपर्यंत बोलली तर इथंच, नाहीतर नागपूर, असं ठरलं. तेव्हापासून मी तिच्या वतीनं अवाक्षर काढत नाही. तुझ्या मनासारखी जीभ आवरली, पण जीव कासावीस होतो रे.

वहिनींना नमस्कार. आमच्यावर लक्ष असू दे.
तुझी,
दुर्गेश्वरी

कुडवा
२९ जुलै

चि. सौ. दुर्गेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

सुशिलाबाईंकडे जाऊन आलो. त्या दिवसापासून त्यांचा आवाज गेला आहे. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. पाटीवर लिहून बोलतात. त्यांनी लिहिलं की मंजू एकदा समोर बसली तर आपला आवाज परत येईल. असल्या गोष्टींना मी हसणारा, पण हसू आलं नाही. पोरीला घेऊन ये.

वाट पाहतो. मंजूला खूप आशीर्वाद.
भुपेंद्रदादा

तिरोडा
४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मंजू बोलली! परवा मी भात वाढत होते, तर म्हणाली, माय, पुरे. बैठकीतलाच आवाज. मी पातेलं घेऊन खालीच बसले आणि पोटभर रडले. काल तिनं मुख्याध्यापकांना स्वतःचं नाव सांगितलं. आता नागपूरची गोष्ट कुणी काढत नाही.

सुशिलाबाईंचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. पण त्यांचा आवाज परत आला तर हिचा जाईल, म्हणून मंजूला मी त्यांच्यासमोर बसवणार नाही. त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या, मी आहे. तू रागाव, वाईट म्हण.

आज सकाळी त्या स्वतःच आल्या. हाक मारता येत नाही, म्हणून नुसती कडी वाजवत राहिल्या. मंजूनं आतून विचारलं, माय, कोण आहे. मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला.

लोभ ठेववला तर ठेव.
तुझी,
दुर्गेश्वरी