अस्मिताचं पहिलं बाळंतपण, मुक्काम हरणी

हरणी, बडोदे

ती. मंदाकिनीआत्यासाहेबांच्या चरणी भाचा विहंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि मला सर्दी झालेली नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? साताऱ्याची थंडी त्यांना मानवत नाही हे ठाऊक आहे, म्हणून काळजी वाटते.

पत्रास कारण आपली अस्मिता. परवा निजामपुऱ्यातल्या हॉलमध्ये तिचं डोहाळजेवण झालं (तुम्ही आला नाहीत, एका परीनं बरंच झालं). बर्फी-पेढ्याच्या वाट्या झाल्या, सगळं गोडीत चाललं होतं, एवढ्यात तिच्या सासूबाई नयनाताईंनी मला सहज विचारलं, "तुम्ही घरी बसून नेमकं काय करता?" आत्यासाहेब, हा प्रश्न मला फार दिवसांत कोणी विचारला नव्हता. (वरच्या मजल्यावरच्या काकी जिन्यात विचारतात, "केम भाई, हजी नोकरी नथी मळी?" म्हणजे अजून नोकरी नाही का मिळाली, पण त्यांना उत्तर नको असतं.) मग मी सुटलोच. सांगितलं की अमेरिकेतल्या इस्पितळांचे रिपोर्ट वाचून, विम्यासाठी प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड लावतो. इथे थांबायला हवं होतं. पण उदाहरणाशिवाय मला समजावता येत नाही (हा बाबांचा गुण), आणि त्या सकाळीच हातावेगळं केलेलं उदाहरण होतं वार अडकल्याचं. बाळ झालं, वार आतच राहिली. सोबत रक्तस्राव झाला तर एक कोड, नाही झाला तर दुसरा. डॉक्टरनं नीट लिहिलं नसेल तर आपल्या मनानं ठरवायचं नाही, विचारून घ्यायचं. वारेचा तुकडाच मागे राहिला असेल तर निराळा कोड. मी तुकड्यापर्यंत पोचलो तेव्हा पंगतीत श्रीखंडाला कोणी बोट लावत नव्हतं. अस्मिता आधी हसली, मग रडली. नयनाताई एवढंच म्हणाल्या, "बाळंतपणाला घरात बाईमाणूस हवं."

त्यांचं चुकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि आई-बाबांच्या मागे माहेर म्हणजे मी. खोली रिकामी केली आहे, बाळंतशेपा आणल्या आहेत, डिंकाचे लाडूही करून पाहिले (ते चावायचे नाहीत, चघळायचे). बाईमाणूस तेवढं नाही. तुम्ही दोन महिने येऊन राहाल का? चेष्टा सोडून सांगतो, मी रोज परक्या बायकांची बाळंतपणं वाचतो. वार निघते, रक्त थांबतं, मी कोड लावतो आणि फाईल जाते. बाई घरी जाऊन नीट जेवली का, बाळाचं नाव काय ठेवलं, मला कधीच कळत नाही. एक तरी बाळंतपण बारशापर्यंत बघायचं आहे. घरात कोणी रडावं, दूध उतू जावं, कोणी माझ्यावर ओरडावं असं फार वाटतं. एकट्यानं राहून मी कंटाळलो आहे.

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा
विहंग

ता. क. आत्ताच अस्मिताचा फोन आला. बाळंतपण नाशिकलाच, सासरी करायचं ठरलं. "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस रे," म्हणाली. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि गुडघ्यांना आराम द्यावा.

पुन्हा ता. क. पत्र फाडणार होतो, फाडलं नाही. आत्यासाहेब, तुम्ही तरीही या. आता काही कारण उरलेलं नाही. नुसत्या या.