भीमकेतूची ताकद पाच

२ जून २००२, रविवार. संध्याकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. मयूरवर सूड घ्यायचा आहे. लिहून ठेवलं नाही तर मी विसरून जाईन, कारण माझा स्वभाव मुळात क्षमाशील.

घटना अशी. मनोजच्या अमेरिकेतल्या मावसभावाने एका खेळाचं पुस्तक पाठवलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने कागदावर एक वीर तयार करायचा आणि मनोज गोष्ट सांगेल तसतसं त्याला जगवायचं. मनोज गेममास्तर. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर आहे, पण रविवारी सिडकोतल्या आपल्या गच्चीवर स्वतःला परमेश्वर समजतो.

वीराचे गुण सहा. ताकद, चपळाई, दणकटपणा, बुद्धी, शहाणपण आणि कॅरिस्मा (म्हणजे समोरच्यावर छाप पाडणं; याला नेमका मराठी शब्द कोणालाच सुचला नाही). प्रत्येक गुणासाठी ल्यूडोचे तीन फासे टाकायचे, बेरीज होईल तो आकडा. जास्तीत जास्त अठरा.

मी नाव आधीच ठरवलं होतं. भीमकेतू. मग फासे टाकले. ताकद पाच.

मयूरची सतरा. मयूरचं कॉलेज रोडला झेरॉक्सचं दुकान. कागदाच्या गठ्ठ्यापेक्षा जड काही त्याने जन्मात उचललेलं नाही.

चार वाजता भीमकेतू गुहेतल्या खड्ड्यात पडला. दोर मयूरच्या वीराकडे. मयूर म्हणाला, पुढचं दार बघून आलोच. येईपर्यंत खड्डा पाण्याने भरला. मनोजची बहीण सरिता, तीही खेळते, ती म्हणाली अरेरे. मग सगळ्यांनी चिवडा खाल्ला. माझ्या मरणानंतर तीन मिनिटांत.

संकल्प: मयूरला त्याच खड्ड्यात पाडणार. काठावर उभं राहून दोर दाखवणार. देणार नाही.

४ जून, मंगळवार

मयूरने टाकलेल्या फाशांपैकी एक मी खिशात घालून आणला होता. चोरी नव्हे, तपास. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी सुपरवायझर. द्राक्षांचा सीझन संपलाय, किल्ली माझ्याकडेच. क्रेट तोलायच्या काट्यावर फासा ठेवला. काटा हललाच नाही. म्हणजे मयूरने फार सफाईने काम केलेलं आहे.

९ जून, रविवार

मनोजला लेखी अर्ज दिला, दीड पान. पुस्तकातच दुसरी रीत आहे: चार फासे टाका, सर्वांत लहान आकडा सोडून द्या. मंजूर. मयूरसुद्धा लगेच हो म्हणाला. यात काहीतरी डाव आहे.

भीमकेतू दुसरा. ताकदीला आले एक, एक, दोन, एक. सर्वांत लहान म्हणून एक एक सोडला. उरले चार. आधीच्यापेक्षा एकने कमी, तेही जास्त फासे टाकून.

मयूरला अठरा. भीमकेतू दुसरा तासाभरात वटवाघळाने मारला. एका वटवाघळाने.

यापुढे मी मयूरच्या उजव्या हाताला चिकटून बसणार. शत्रूचा हात नजरेखाली हवा.

१६ जून, रविवार

फासेच नकोत अशी सूचना मांडली. सगळ्यांना सारखे पंचाहत्तर गुण द्या, ज्याने त्याने हवे तसे वाटून घ्यावेत. हीही रीत पुस्तकात आहे. मंजूर. आता नशिबाचा संबंध संपला, उरली फक्त अक्कल. मयूरची दया आली.

भीमकेतू तिसरा: ताकद अठरा, चपळाई अठरा, दणकटपणा अठरा, शहाणपण पंधरा. उरले सहा. तीन बुद्धीला, तीन कॅरिस्माला. सूड घ्यायला ते लागत नाहीत.

साडेतीन वाजता. गुहेत पाटी. मनोजने वाचून दाखवली, पुढे खड्डा आहे. मी म्हणालो, भीमकेतू थांबतो. मनोज म्हणाला, बुद्धी तीन, भीमकेतूला वाचता येत नाही. मी म्हणालो, पण मला येतं ना. मनोज म्हणाला, तू बी.कॉम. आहेस, तो नाही.

मयूरचा वीर मागून ओरडला, थांब, पुढे जाऊ नको. शत्रूचं ऐकायचं नाही हा माझा नियम. पुढे गेलो.

२० जून, गुरुवार

कायदेशीर मार्ग संपले. मी प्रयत्न केला, देव साक्षीला आहे.

तीन नवे फासे आणले. सहाच्या बाजूला बारीक भोक, आत छऱ्याच्या बंदुकीचा छर्रा, वरून काळा रंग. सहाची बाजू जड केली की सहा येणार, साधी गोष्ट.

चाळीस वेळा टाकले. छत्तीस वेळा एक. रागाने एक फासा भिरकावला, तो पलंगाखाली गेला. वाकून बघितलं. तिथेही एकच.

२२ जून, शनिवार

जड बाजू खाली बसते. हे मला माहीत होतंच, परवा फक्त चाचणी होती. आणखी तीन फासे आणून आता एकच्या बाजूला छर्रा घातला. सहा, सहा, सहा. पुन्हा सहा, सहा, सहा.

आई म्हणाली, येवढा बाप्या झाला, अन् ठोकळे घासत बसलाय दोन दिस, बरं वाटत नाय का तुला. मी म्हणालो, उद्या बघ. ती म्हणाली, उद्या दळण आणायचं हाय.

मनोजला फोनवर तिसरी सूचना दिली: पुन्हा तीनच फासे टाकावेत, पण प्रत्येकाने स्वतःचे वापरावेत, स्वच्छतेसाठी. शिवाय अर्धा तास तक्रार केली की या गटात नशिबाची वाटणी अन्यायाची आहे. संशय येऊ नये म्हणून. मनोज म्हणाला, मल्हारी, तुझा कायमचा बंदोबस्त करतो. चला, तोही माझ्या बाजूने झाला.

२३ जून, रविवार. रात्री नाही, दुपारीच लिहितोय, घरी लवकर आलो

टाकले. अठरा, सतरा, अठरा, अठरा, सोळा, अठरा. सरिताने माझा एक फासा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि गुपचूप ठेवून दिला. मयूर म्हणाला, मल्हारी, आज तुझा दिवस. मी म्हणालो, मेहनत आहे.

सरिताने टाकले. मयूरने टाकले. मग मनोजने पुस्तकाचं मागचं पान उघडलं. रीत अशी की सगळ्यांचे आकडे टाकून झाल्यावर प्रत्येकाने आपला कागद डावीकडच्याला द्यायचा. आधी सांगायचं नसतं. म्हणाला, आता मल्हारीची तक्रार राहणार नाही.

माझ्या डावीकडे मयूर.

सरिताचा कागद मला आला. ताकद पाच. कॅरिस्मा चार.

मयूर म्हणाला, हे तुझे आकडे आहेत यार, तूच घे, मला चालेल. खरंच कागद पुढे केला. सगळे बघत होते. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, मला कोणाची दया नको. मनोज म्हणाला, मग ठरलं.

जिन्यात लक्षात आलं की घ्यायला हवे होते.

३० जून, रविवार. ५.४०

जाणार नव्हतो. गेलो, कारण न जाणं म्हणजे पराभव.

भीमकेतू चौथा खड्ड्यात पडला. तोच खड्डा. पाणी चढू लागलं. मयूर म्हणाला, दार राहू दे, आधी मल्हारी. त्याच्या वीराने दोर टाकला आणि मला एका हाताने वर काढलं. अठराची ताकद होती. एकेक सहा मी स्वतः भोक पाडून बसवलेला.

मनोज म्हणाला, जीव वाचवला, भीमकेतूने आभार मानायला हवेत. मानले. मनोज म्हणाला, कॅरिस्मा चार, नीट ऐकू आले नाहीत. पुन्हा मानले.

निघताना मयूरने चिवड्याची पुडी माझ्यापुढे केली. म्हणाला, तुझा हात चांगला आहे, पुढचा वीर करताना माझे फासे तूच टाक. सरिता माझ्याकडे बघत होती.

बरं म्हणालो.