मालूच्या जागी यंत्र

प्रिय मालू,

तुझ्या सासरी मी कपडे धुण्याचं यंत्र नेऊन ठेवलं, आणि त्यावरून दिग्रसमध्ये मला वेडी ठरवण्यात आलं आहे. 'लेक गेली आणि मास्तरीणबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला,' ही बातमी बाजाराच्या दिवशी पुसदलाही पोचली. लोक तुला काय सांगतील याचा भरवसा नाही. म्हणून खरं काय झालं ते मीच लिहिते आहे.

तुझ्या मासिक श्राद्धाचा दिवस होता. जेवणं झाली, पानं उचलली गेली, आणि तुझ्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. दोन्ही मनगटं माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "विहीनबाई, आता माह्याच्यानं धुनं होत नाही पाहा. नंदूले तं मी पाहूनच राह्यली. सैपाक बी मीच करतो. पन धुन्यापान्याले घरात मानूस पाह्यजे."

मी म्हटलं, "बाई ठेवा."

"बाया काय टिकते का?"

टिकतील कशा? पहिली त्यांच्या तोंडाला कंटाळली, दुसरीला साबण चोरल्याचा आळ, तिसरी तर पहिल्या दोघींशी बोलूनच आली होती, ती दारातून परत गेली. वरठ्याकडे धुवायला फक्त तुझ्या वसंतरावांची धोतरं जातात. बाकी लुगडी, गोधड्या, तुझ्या नंदूचे कपडे, देवाचं सोवळं, हे बाहेरच्या हाताचं त्यांना चालत नाही.

मग खरी गोष्ट आली. "सुधी आहेच ना तुमची. परकी आनन्यापरीस आपलीच बरी. नंदूची मावशीच हाय ते."

आणि तुझे बाबा म्हणाले, "पाहू."

तुला ठाऊक आहे बाबांचं 'पाहू' म्हणजे काय. कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस. त्यांचं 'नाही' कोणी ऐकलेलं नाही, आणि त्यांचं 'पाहू' म्हणजे मुहूर्त काढायला हरकत नाही!

सुधा आत पाणी भरत होती. तिनं सगळं ऐकलं. परतीच्या मोटारीत पूल लागला तशी ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आई, भाऊजींना मी भाऊजी म्हणते. उद्यापासून काय म्हणू?"

मालू, तिचं अमरावतीच्या कॉलेजात नाव घातलेलं आहे. वसतिगृहातली खाट ठरली आहे. तिला रसायनशास्त्र घ्यायचं आहे. आणि तिच्या वाट्याला तुझा धुण्याचा दगड!

मला राग कशाचा आला ते सांगते. मागणीचा नाही. अशा मागण्या होतात; आपल्याकडे मोठी गेली की धाकटी द्यायची, ही रीतच पडून गेली आहे आणि कोणाला त्यात वावगंही वाटत नाही. राग आला तो त्यानंतर त्या जे बोलल्या त्याचा. तुझं कौतुक करत होत्या त्या! "लई कामाची पोरगी होती तुमची. अंगात ताकत नोती, तरी घरभरच्या गोधड्या धुतल्या तिनं. मी म्हटलं, राहू दे, तं म्हने, नाही, उन्ह चांगलं हाय."

विषमज्वरातून उठलेली मुलगी. डॉक्टरांनी महिनाभर खाटेवरून पाय खाली ठेवू नको म्हणून बजावलेलं. आणि पौषातल्या सकाळी ती मागच्या दारी ओल्या गोधड्या आपटते आहे! ओली गोधडी किती जड होते ते त्या बाईंना माहीत नाही? त्याच संध्याकाळी ताप उलटला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या श्राद्धाच्या दिवशी कळलं, तेही कौतुक म्हणून.

आणि तू? तू का उठलीस? 'उन्ह चांगलं हाय' म्हणे! उन्हं काय त्याच दिवशी संपणार होती? लोक म्हणतील, आईनं इंग्रजी शिकवलं, हिशेब शिकवले, तेवढं 'नाही' म्हणायला शिकवलं नाही. साफ खोटं. शिकवलं होतं. लहानपणी दूध घे म्हटलं की किती ठणकावून नाही म्हणायचीस! ते सगळं 'नाही' लग्नाच्या मांडवात ठेवून गेलीस काय?

असो. घरी आल्यावर मी ठरवलं, विहीणबाईंनी तोंडानं जे मागितलं आहे तेच त्यांना द्यायचं. त्यांना धुणं करणारं कोणी हवं आहे ना? ठीक. धुणं करणारं आणून देऊ. मग तरी सुधाला मागायला कोणतं तोंड उरतं ते पाहू.

मे महिन्याच्या सुट्टीत मी नागपूरला गेले. सीताबर्डीवर एका मोठ्या दुकानात विजेवर चालणारं यंत्र मांडलेलं होतं, पांढरं शुभ्र, नवरदेवासारखं. विक्रेता पोरगेलासा होता. म्हणाला, "मॅडम, बटन दाबायचं, झालं."

"बटण दाबल्यावर वीज कोण आणणार? दिग्रसला दिवा लागला की लोक नमस्कार करतात, इतका त्याचा भरवसा नाही."

"वीज काय, येत-जात राहते, मॅडम."

मी विचारलं, याला जागा किती लागते? पाणी नळाचंच लागतं की विहिरीचं ओतलेलं चालतं? तुझ्या घरी दोन खोल्या, मागची पडवी आणि चिंचोळं अंगण. पडवीत हे ठेवलं तर माणसानं आडवं होऊन विहिरीवर जायचं का? त्याला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटी विचारलं, "बंद पडलं तर?"

"मुंबईहून आमचा माणूस येईल."

"कधी?"

"ते कळवतील."

"आणि तोपर्यंत?"

तो हसला. खरंच हसला, मालू. म्हणाला, "तोपर्यंत घरच्या बायका आहेतच की!"

मी छत्री उचलली आणि बाहेर पडले. जे यंत्र बंद पडल्यावर पुन्हा बाईलाच दगडावर बसवतं, ते विकत कशाला घ्यायचं? तेव्हाच मनाशी पक्कं केलं: जे दिग्रसला दुरुस्त होतं, तेच भरवशाचं.

म्हणून सरळ दिग्रसच्या करीम मिस्त्रीकडे गेले. तुला आठवतो ना, शिलाई मशीन दुरुस्त करणारा? तुझ्या मशीनचं चाक बसवताना सगळं घर हसवून गेला होता. त्याच्याकडे भंगारात एक हातानं फिरवायचं यंत्र पडलेलं होतं, कोण्या जुन्या कापसाच्या जिनाच्या मॅनेजराच्या बंगल्यातलं. जस्ताचं पिंप, आत लाकडी पंखे, बाहेर दांडा. वर दोन रूळ, त्यांच्यामधून कपडा काढला की पाणी निथळून जातं. रुळांचं रबर फाटलेलं होतं.

"बाई, हे माझ्यापेक्षा म्हातारं हाय," करीम म्हणाला, "पन याच्या पोटात फालतू काहीच नाही. बिघडलं का मी हायच. नागपूरची मशीन बिघडली तं तिले पाठीवर घेऊन जासान का?"

"रूळ?"

"सागाचे बनवतो. रबराले कोन विचारते!" मग डोळे मिचकावून म्हणाला, "कोनाच्या लग्नात देऊन राह्यले?"

"लग्न होऊ नये म्हणून देते आहे."

त्याला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. तो हसता हसता थांबला. पाना खाली ठेवला. म्हणाला, "मंग तं मजबूतच पाह्यजे, बाई."

मी तिथंच परीक्षा घेतली. पुसदहून निघतानाच पिशवीत एक चादर घेतली होती. हळदीची, वर शेतातल्या काळ्या मातीत मुद्दाम लोळवलेली. माती गेली. हळद राहिली. हळद तुझ्या हातानंही जात नव्हती, तेव्हा यंत्राला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

वाळवण्याचं काय, हाही प्रश्न होताच. पावसाळ्यात त्या अंगणात ऊन येत नाही. नंदूचे लंगोट तू चुलीवर धरून वाळवायचीस. करीमनं पडवीच्या आढ्याला टांगायची बांबूंची चौकट केली, दोरीनं खाली घ्यायची, कपडे घालायचे, वर ओढायची. खालून माणसं ये-जा करतात, वर कपडे वाळतात. त्या घरात जागा होती, मालू. फक्त ती कोणी वर पाहून शोधली नव्हती.

बाजाराच्या दिवशी हातगाडीवर घालून हे सगळं तुझ्या दारी नेलं. मुद्दाम बाजाराच्या दिवशी! मागून दहा-पंधरा लोक चालत आले.

सासूबाई ओट्यावर आल्या. "हे काय आनलं, विहीनबाई?"

"तुम्ही मागितलं ते. धुण्यापाण्याला."

"म्या कधी मांगतलं असं पिंप?"

"धुणं होत नाही म्हणालात. मनगटं दाखवलीत. मी रात्रंदिवस त्याच काळजीत आहे."

शेजारची एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मांगतली सून, आली मशीन!" आणि लोकांना हसण्याची परवानगीच मिळाली.

सासूबाई तडकल्या. "म्या पोरगी मांगतली होती!"

"मग तसं बोलायचं होतं. तुम्ही धुणं बोललात. धुणं आणलं."

"अन् हे फिरवीन कोन? मी? हे हात पाहा."

"वसंतराव फिरवतील."

"मर्दमानूस दांडा फिरवीन लुगडं धुवाले?"

"जिनातले सरकी काढायचे रेचे कोण चालवतं हो? पुरुषच ना? तिथं कापूस, इथं कपडा. कापूसच आहे शेवटी."

एवढ्यात वसंतराव आले, जिनातून थेट. केसांना कापूस. गर्दी पाहिली, यंत्र पाहिलं, मला नमस्कार केला. त्यांची आई म्हणाली, "पाहा रे, तुह्या सासूनं काय तमाशा मांडला! सुधी मांगतली तं हे आनलं."

त्यांनी दांडा हातानं चाचपून पाहिला. मग म्हणाले, "सुधा? आई, मले इचारलं होतं का तू?"

"त्यात इचाराचं काय?"

"सासरी गेलो का तिले मी शाळेत पोचवाले जात होतो. काहून काढलं तू हे?" आणि मग, हळू, "मी फिरवतो. पन ते लग्नाचं आता काढू नको."

तुला वाटेल, आईला बरं वाटलं असेल. मुळीच नाही. मला इतका संताप आला की दांडाच उपटून हातात घ्यावा! हे वाक्य या माणसाजवळ होतं तर. 'मी करतो' हे शब्द त्याला येत होते. मी सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, हे पौषात का नाही म्हणालात?"

ते म्हणाले, "मालतीनं कधी म्हटलंच नाही."

म्हणायला हवं होतं? ताप उतरलेल्या बायकोनं अर्ज द्यायला हवा होता? पण मग मला पुन्हा तुझाच राग आला. एकदा तरी म्हणून पाहायचं होतंस, मालू! हा माणूस वाईट नाही. शेजारी आग लागली तरी कोणी सांगेपर्यंत उठणार नाही, या जातीचा आहे. त्याला सांगावं लागतं. तू सांगितलं नाहीस, आणि त्यानं पाहिलं नाही.

त्यांनी सदरा काढला आणि तोच पिंपात टाकला. पाणी ओतलं, साबण किसला, दांडा फिरवला. पिळताना सागाच्या रुळांत दोन गुंड्या तुटल्या. सासूबाईंना केवढा आनंद! "पाहा, पाहा! माही सून असं करत नोती!"

"गुंड्या मी लावून देते," मी म्हटलं, आणि पर्समधून सुई काढून तिथंच बसले. दोन गुंड्या लावायला मुलगी द्यावी लागत नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अगं, संबंध तुटतील."

मी म्हटलं, "लेक तुटली तेव्हा काही बोलला नाहीत." तिसऱ्या दिवशी ते सुधाच्या अमरावतीला न्यायच्या ट्रंकेला नवं कुलूप घेऊन आले. हा त्यांचा निकाल.

मागच्या आठवड्यात मी न कळवता दिग्रसला जाऊन आले. यंत्र पडवीत उभं आहे. वसंतराव सकाळी जिनाला जाण्याआधी फिरवतात. आधी दार लावून घेत, आता लावत नाहीत. सासूबाई चौकटीची दोरी ओढतात आणि मला शिव्या देतात. दोन्ही कामं त्या नेटानं करतात. मनगटं इतकीही गेलेली नाहीत!

पण ऐकते आहे की त्या आता दारव्ह्याकडे मुलगी पाहत आहेत. मुलाला न विचारताच. म्हणजे यंत्र आलं तरी दगडावर बसायला कोणीतरी हवंच आहे.

तेव्हा मालू, मी तुला शब्द देते. सुधाला तिच्या मर्जीविरुद्ध कोणाच्याही घरी, कोणाच्याही जागी, मी जाऊ देणार नाही. आणि वसंतरावांसाठी ज्या घरी कोणी मुलगी पाहायला जाईल, त्या घरी त्यांच्या आधी मी पोचेन आणि त्या मुलीच्या आईसमोर बसून गोधड्यांची हकिगत सांगेन. नावानिशी सांगेन. मग ती आई काय ते ठरवील. मला वेडी म्हणोत. वेड्या बाईला निदान मध्येच कोणी थांबवत नाही.

आणि तू आता कोणी सांगितलं तरी उठू नकोस.

तुझी,
आई

ता. क. वसंतरावांच्या हाती, शेजाऱ्यांसमक्ष दिलं ते असं: धुण्याचं यंत्र, दांड्यासह, पिळण्याचे सागाचे रूळ, वाळवण्याची बांबूची चौकट, तिच्या दोरीसकट, किसलेला साबण डबाभर. मुलगी त्या घरी याआधी एक दिली होती. दुसरी दिलेली नाही.