माझ्या पेशी वाढेनात

३ मार्च
सासूबाई आज तीन जिने न थांबता चढल्या! दारातूनच घोषणा — "धाप लागली नाही, लिहून ठेव." ठेवलं. चार महिन्यांपूर्वी त्यांना पलंगावरून उठवायला दोघं लागायचे. आता एकट्या गाण्याच्या क्लासला जातात. श्रेय कधी गाण्याला देतात, कधी गुडघेदुखीच्या पुडीला. मला कधीच नाही.
माझी कंबरही हल्ली गप्प आहे. छान चाललंय सगळं.

४ मार्च
प्रयोगशाळेत नवा प्रयोग. शत्रू दिसला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाच्या हजारो होतात, पण तसा निरोप मिळावा लागतो. पहिला निरोप — शत्रू दिसला. दुसरा — खात्री झाली. तिसरा पेशी स्वतःच तयार करतात — वाढा! तो नसेल तर सगळं ठप्प. अगदी आमच्या घरासारखं. मी हो म्हणते, नवरा हो म्हणतो, पण सासूबाईंनी मान डोलावल्याशिवाय सोफा इंचभर हलत नाही.
निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. नेहमीप्रमाणे आम्हीच निरोगी! एक नळी माझी, एक दाढीची — म्हणजे माझा सहकारी, ज्याची दाढी त्याच्या आधी खोलीत शिरते. पेशींना वाढायला सीरम लागतं, रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी. विकतचं संपलंय, म्हणून ज्याच्या पेशी त्याचंच सीरम घातलं. फॉर्मवर "चालू औषधे" पुढे लिहिलं — नाहीत.

९ मार्च
दाढीच्या पेशींचे झुबकेच्या झुबके. माझ्या जेमतेम. तिसरा निरोप निघालाच नाही. "तुझ्यासारख्याच आळशी," दाढी म्हणाला. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१० मार्च
पुन्हा रक्त, पुन्हा सगळं. डब्यात सासूबाईंची चिठ्ठी — "रक्त देतेस तर नीट खा."

१५ मार्च
पुन्हा तेच! पण या वेळी दाढीने अक्कल चालवली होती. प्रयोगाच्या ताटलीतल्या काही खळग्यांत माझ्या पेशी त्याच्या सीरममध्ये घातल्या, त्याच्या माझ्या सीरममध्ये. माझ्या तिकडे भराभर वाढल्या. त्याच्या माझ्याकडे येऊन हातावर हात ठेवून बसल्या. म्हणजे पेशी बिचाऱ्या शहाण्या आहेत. माझ्या रक्तातलंच काहीतरी तिसरा निरोप दाबतंय.
"स्टेरॉइड असलं की असंच दिसतं. काही घेतेस का?"
"काही नाही रे!"
तो फॉर्मकडे बघत राहिला. रागच आला. अकरा वर्षं हेच करतेय, मला कळणार नाही होय?

१६ मार्च
सकाळी सासूबाईंनी रोजच्यासारखी पुडी पुढे केली. "कंबरेची घे. माझी झाली." मी ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.
बाजारातल्या त्या औषधवाल्याची पुडी! सगळं झाडपाल्याचं, म्हणतो तो. म्हणून मी ती औषधात धरलीच नव्हती. इतकी कशी मी बावळट! मी रोज एक, तीन आठवडे. त्या रोज दोन, चार महिने.
"ऑफिसात घेते," म्हणून पर्समध्ये टाकली. खोटं बोलले.

२१ मार्च
प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावरच्या रसायनवाल्या बाईंनी पुडी तपासून दिली. स्टेरॉइड. भरपूर.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, दोघीही या. सासूबाईंची एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. हळूहळू उतरवायची. आणि गुडघे? "होते तसे होतील. मग दुसरे उपचार बघू."
घरी आले तर त्या जिन्यातच भेटल्या. क्लासहून येत होत्या, गुणगुणत. माझ्याही दोन पायऱ्या पुढे. म्हटलं, उद्या सांगू.

२२ मार्च
सांगितलं. निरोपांसकट सगळं. त्यांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.
"म्हणजे हे चार महिने मी बरी नव्हतेच का गं?"
मला रडूच फुटलं. त्यांनीच पदर पुढे केला.
"हळूहळू उतरवणार ना? म्हणजे आज पाय आहेत. ऊठ, चपला घाल, फिरून येऊ."